सक्शन कपच्या रॅकवर सायकल नेताना: मुंबईतील गाडीमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मुंबईत राहून मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवायची असेल, तर पहिला प्रश्न त्या रस्त्यापर्यंत सायकल न्यायची कशी हाच असतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या तिन्हींवर सायकलीला प्रवेश नाही, त्यामुळे कर्जत, लोणावळा किंवा अलिबागच्या बाजूला सायकल चालवायची तर ती गाडीतून किंवा गाडीवरून न्यावी लागते. डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा रॅक स्वस्त मिळतो. परंतु त्यावरची सायकल नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकते, शिवाय बंपरच्या रंगावर ओरखडे उठतात. टपावर आडव्या दांड्या बसवायच्या तर गाडीला तशी सोय हवी, आणि शहरातल्या बहुतेक हॅचबॅकना ती नसते. सक्शन कपचा, म्हणजे आतली हवा काढून टपाला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांचा रॅक मात्र गाडीला एकही भोक न पाडता पाच-दहा मिनिटांत लागतो आणि काढल्यावर घरातल्या माळ्यावर एका पिशवीत मावतो. त्याच्याविषयी लोकांच्या मनात असलेली भीती रास्त आहे, पण ती बहुधा चुकीच्या जागी आहे. कपाची ताकद कमी पडली म्हणून हा रॅक सुटण्याची वेळ क्वचितच येते. तो सुटतो तो कडेने हवा आत झिरपल्यामुळे, म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख ही हवा रोखण्यावर आणि झिरपलीच तर ते वेळेवर कळण्यावर आहे.

कप धरून कसा ठेवतो

समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो असतो. पंधरा सेंटीमीटर व्यासाच्या कपाखालचे क्षेत्रफळ पावणेदोनशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरते; म्हणजे आतली हवा पूर्णपणे काढता आली, तर बाहेरची हवा तो कप पावणेदोनशे किलोच्या जोराने टपावर दाबून धरेल. प्रत्यक्षात छोट्या हातपंपाने सगळी हवा निघत नाही. या प्रकारच्या रॅकसाठी ओळखली जाणारी अमेरिकेतील सीसकर ही कंपनी तिच्या सहा इंची कपाला 210 पौंडांची, म्हणजे सुमारे 95 किलोची क्षमता सांगते. आठ ते पंधरा किलोच्या सायकलीसाठी असे तीन-चार कप म्हणजे ताकद हवी त्याहून कितीतरी जास्त झाली.

मात्र ही ताकद कपाच्या कडेची रबरी ओठासारखी धार पृष्ठभागाला सलग टेकलेली असेपर्यंतच टिकते. त्या धारेखाली वाळूचा एक कण, पक्ष्याच्या विष्ठेचा वाळलेला ठिपका किंवा पत्र्यावरचा उंचवटा आला, की तिथून हवा हळूहळू आत शिरते. चांगल्या कपाला म्हणूनच एक छोटा पंप आणि त्याच्या दांड्यावर नारिंगी किंवा लाल पट्टी असते. पट्टी दिसेनाशी झाली म्हणजे आत पुरेशी पोकळी झाली. ती पुन्हा डोकावू लागली म्हणजे हवा शिरते आहे. काच बसवणारे कारागीर मोठ्या काचा उचलायला असेच पट्टीचे कप वापरतात, आणि कल्पना मुळात त्याच कामातली आहे. नुसती खटक्याची मूठ दाबून चिकटणारे, दर्शक पट्टी नसलेले स्वस्त कप बाजारात भरपूर आहेत, पण ते टपावरच्या सायकलीसाठी घेऊ नयेत, कारण त्यांच्यातली हवा गेल्याचे कप सुटल्यावरच कळते.

आपली गाडी या रॅकला चालेल का

रॅक मागवण्यापूर्वी भर उन्हात नव्हे, तर सकाळी टपावर तळहात फिरवून पाहावा. आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्यांच्या टपावर पत्र्याला कणखरपणा यावा म्हणून लांब उभ्या पन्हळी उठवलेल्या असतात, आणि दोन पन्हळींमधली सपाट जागा कधीकधी कपापेक्षा अरुंद भरते. पंधरा सेंटीमीटर व्यासाचा कागदी गोल कापून तो टपावर जिथे कप बसवायचे तिथे ठेवून पाहावा. गोलाची कड कुठेही पन्हळीवर, दोन पत्र्यांच्या सांध्यावर किंवा रबरी पट्टीवर चढत असेल, तर ती जागा बाद समजावी. टपाच्या मागच्या टोकाला अँटेना असेल तर तिच्यासाठीही जागा सोडावी लागते.

सनरूफची काच मुळात वाईट नाही. गुळगुळीत काचेवर कप उलट पत्र्यापेक्षा चांगला धरतो. पण पूर्ण कप काचेवरच बसला पाहिजे, काच आणि पत्रा यांच्यामधल्या फटीवर त्याची कड येता कामा नये, आणि रॅक असेपर्यंत सनरूफ उघडता येत नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे. मॅट रंग, खरखरीत प्लास्टिकचा टप आणि व्हिनाइलचे आवरण चढवलेले टप या रॅकला चालत नाहीत, कारण व्हिनाइलचा चिकट थर कपाच्या ओढीने पत्र्यावरून सुटू शकतो. अलीकडेच डेंटिंग-पेंटिंग झालेल्या टपावरही थांबावे. रंग पूर्ण वाळून घट्ट व्हायला किती आठवडे लागतील, हे ज्या गॅरेजने काम केले त्यालाच विचारावे. टपावर किती भार चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. एका सायकलीला तो आकडा आड येत नाही, दोन-तीन सायकलींना येऊ शकतो.

आता सायकलीकडे वळू. बहुतेक सक्शन रॅकमध्ये पुढचे चाक काढून फोर्क (चाक धरणारा दुपाखी चिमटा) रॅकच्या तोंडाशी अडकवायचा असतो, आणि मागचे चाक वेगळ्या कपावरच्या पट्ट्याने बांधायचे असते. म्हणून आपल्या फोर्कचा प्रकार आधी पाहावा: साधा क्विक रिलीज (खटक्याने सैल होणारा बारीक आस) असेल तर रॅकचा मूळ खटका चालतो, थ्रू अ‍ॅक्सल (फोर्कच्या भोकांतून आरपार जाणारा जाड आस) असेल तर 12 मिलिमीटर जाडीचा की 15 चा, आणि रुंदी 100 की 110, हे मोजून त्या मापाचा जोड मागवावा. चाक नटांनी कसलेले असेल, तर साधारणपणे 15 नंबरचा पाना डिकीत हवाच. पुढचा मडगार्ड टपाला घासतो, तेव्हा तो काढावा लागतो. लहान मुलांच्या सायकलींचे फोर्क बहुधा अरुंद असतात आणि या रॅकवर बसत नाहीत. वीस-पंचवीस किलोची ई-सायकल माझ्या मते टपावर चढवूच नये. रॅकने ती पेलली तरी ती डोक्यावर उचलताना माणूस आणि गाडीची काच दोघांनाही धोका असतो.

घरच्या पार्किंगमधली चाचणी

नवा रॅक हाती आला, की पहिल्यांदा तो सायकल न लावता सोसायटीच्या पार्किंगमध्येच लावून पाहावा. टप धुवून कप बसवावेत, पट्ट्या नाहीशा होईपर्यंत पंप करावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी ज्या कपाची पट्टी डोकावताना दिसेल तो कप दुसऱ्या जागी लावून पाहावा. तिथेही तेच झाले तर दोष कपाचा, नाहीतर जागेचा. मी तर ज्या जागा रात्रभर टिकल्या त्यांचा फोनवर फोटो काढून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पहाटेच्या अंधारात अंदाजाने चाचपडावे लागत नाही.

याच वेळी उंचीही मोजून घ्यावी. दीड मीटर उंचीच्या हॅचबॅकवर सायकल चढली, की सीटच्या टोकापर्यंतची उंची अडीच मीटरच्या जवळ जाते. मॉलच्या आणि ऑफिसच्या तळघरांच्या तोंडाशी लटकणारी उंचीची दांडी बहुधा याहून बरीच खाली असते, आणि यांत्रिक पार्किंगचा तर प्रश्नच येत नाही. सोसायटीच्या पोडियमखालचे छत, त्याखाली लोंबणारे पाण्याचे नळ, गेटवरची कमान, रस्त्यावर वाकलेल्या वडाच्या पारंब्या आणि केबलच्या लोंबत्या वायरी, सगळे यात आले. मोजलेला आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगच्या मागे डोळ्यांसमोर चिकटवावा. घरी परतताना दमलेला माणूस सवयीने थेट तळघरात वळतो. टपावरच्या सायकलींचे सर्वाधिक नुकसान अशा वेळी होते आणि त्यात रॅकचा काहीही दोष नसतो.

प्रत्यक्ष बसवताना

सुरुवात सामान भरण्यापासून करावी. हॅचबॅकमध्ये मागच्या चाकाचा कप अनेकदा मागच्या काचेवर येतो, आणि मग मागचे दार उघडता येत नाही. म्हणून बॅगा, हेल्मेट, पंप, पाण्याच्या बाटल्या आणि काढायचे ते पुढचे चाक, सगळे आधी आत ठेवून दार लावावे.

त्यानंतर सफाई. मुंबईत रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर सकाळी जो थर असतो, त्यात बांधकामाची धूळ, धूर आणि किनाऱ्याजवळ मिठाचा चिकटपणा एकत्र असतो. तो कोरड्या फडक्याने पुसला तर तोच थर पॉलिश पेपरसारखा रंगावर घासला जातो, आणि धुळीचे बारीक कण जागच्या जागी राहतात. भरपूर पाणी ओतून थर सैल करावा, मग साबणाच्या पाण्याने पुसून स्वच्छ पाण्याने धुवावा आणि शेवटी धुतलेल्या मायक्रोफायबरच्या कपड्याने कपाच्या जागेपेक्षा वीतभर मोठा भाग टिपून घ्यावा. वॅक्स किंवा पॉलिश केलेले असेल तर तो थर कपाच्या जागेपुरता काढावा. त्यावर कप चिकटतो खरा, पण आडव्या ओढीने सरकू शकतो. कपाची खालची बाजूही तितक्याच काळजीने पुसावी. त्याच्या धारेवरून बोट सावकाश एक पूर्ण फेरी फिरवले, की डोळ्यांना न दिसलेला कण बोटाला खुपतो. ही एक फेरी कधीही टाळू नये.

कप आणि टप दोन्ही पाण्याने किंचित ओलसर केले तर धार चांगली बसते. थुंकी, तेल किंवा डॅशबोर्ड चकचकीत करणारे स्प्रे मात्र लावू नयेत. कप जागेवर ठेवून मधोमध तळहाताने दाबावा आणि पट्टी दिसेनाशी होईपर्यंत पंप मारावा. शेवटचे दाब जड जातात, तेच हवे असते. सगळे कप झाल्यावर पाच मिनिटे थांबून पहिल्या कपापासून पुन्हा पाहावे. या पाच मिनिटांत पट्टी वर आली तर थोडे पंप मारून भागवू नये, कप काढून ती जागा पुन्हा पुसावी. सावलीत बसवता आले तर उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी काळ्या टपाला हात लावणे कठीण असते, आणि तापलेल्या पत्र्यावर रबर मऊ पडते.

रॅकची दिशा गाडीच्या लांबीला समांतर ठेवावी आणि फोर्कचे तोंड पुढे करावे. पुढचे कप पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून थोडे मागे, पण टपाच्या मध्यापेक्षा कडांच्या जवळ आले तर बरे, कारण मधला पत्रा सर्वांत लवचीक असतो आणि ओढ बसल्यावर किंचित फुगतो. हँडल वळवून पाहावे. ते टपाला टेकत असेल तर रॅक थोडा पुढे-मागे करावा.

सायकलीला डिस्क ब्रेक असतील तर पुढचे चाक काढल्याबरोबर पॅडच्या मध्ये प्लास्टिकची फाचर सरकवावी. हायड्रॉलिक ब्रेकचा खटका वाटेत चुकून दाबला गेला, तर पिस्टन पुढे येऊन पॅड एकमेकांना चिकटतात, आणि मग पहाटे साडेपाचला कर्जत फाट्यावर ते उघडत बसावे लागते. सीटखालची पिशवी, दिवे, मीटर, बाटल्या सगळे उतरवावे. सायकल उचलताना शक्यतो दोघांनी उचलावी: एकाने फोर्क जागेवर बसवावा, दुसऱ्याने मागचे चाक धरावे. खटका घट्ट आवळून मागच्या चाकाचा पट्टा बांधावा आणि पट्ट्याचे मोकळे टोक गुंडाळून खोचावे, नाहीतर ते वाटभर टपावर फडफडत राहते.

मग हलवून पाहावे. सायकलीला धरून नव्हे, रॅकच्या मुख्य भागाला धरून जोरात पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे ओढावे. गाडी स्प्रिंगवर डोलली पाहिजे, रॅक केसभरही सरकता कामा नये. यानंतर एक जादा बंदोबस्त मी नेहमी करतो: सायकलीच्या सांगाड्यातून एक मजबूत पट्टा ओवून तो दोन्ही बाजूंच्या दारांतून आत घेतो आणि आतल्या बाजूला आवळतो. पट्ट्याच्या गाडीबाहेरच्या भागाला एक पीळ दिला की वाऱ्याने होणारी त्याची घरघर थांबते. रॅकने दगा दिलाच, तर सायकल मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जाऊ नये, एवढ्यासाठी हा पट्टा आहे, आणि माझ्या लेखी तो ऐच्छिक नाही.

कायद्याच्या बाजूने, सायकलीचा कोणताही भाग गाडीच्या रुंदीबाहेर किंवा मागे लोंबत नाही, हे खाली उभे राहून पाहावे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर वाहनाबाहेर आलेल्या भारासाठी 20,000 रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. टपावर मधोमध लावलेल्या एका सायकलीला ही अडचण येत नाही. दोन सायकली शेजारी लावल्या की हँडलची टोके पाहावी लागतात.

रस्त्यावर

निघाल्यावर पहिली तपासणी दहा-पंधरा मिनिटांनी, पहिल्याच पेट्रोल पंपावर करावी; खड्डे आणि गतिरोधक यांच्या धक्क्यांनी एखादा कप सैल बसला असेल तर तो एवढ्यात उघडा पडतो. पुढे प्रत्येक थांब्यावर गाडीभोवती एक फेरी मारून सगळ्या पट्ट्या पाहाव्यात. पट्टी नुसती डोकावत असेल तर कप जागेवर असतानाच पंप मारता येतो, आणि या रचनेचा मोठा फायदा हाच आहे. तोच कप पुढच्या थांब्यावर पुन्हा उघडा दिसला तर मात्र सायकल उतरवून कप पुसावा.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 किलोमीटरवर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना 100 ची मर्यादा असली, तरी टपावर सायकल असताना 80 वर समाधान मानावे. अटल सेतूवर आणि सागरी सेतूवर वारा बाजूने येतो, आणि त्या वेळी वेग आणखी कमी ठेवावा, कारण आडवा वारा चाकाच्या आणि सांगाड्याच्या पूर्ण अंगावर आदळतो. शेजारून मोठा ट्रेलर गेला की सायकल थोडी हलते, ते स्वाभाविक आहे. रॅकच्या मुळाशी हालचाल जाणवली तर मात्र सुरक्षित जागा पाहून थांबावे.

घाटाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कप बाहेरच्या हवेच्या दाबावर धरतो, आणि उंचीवर तो दाब कमी असतो. लोणावळा सुमारे सव्वासहाशे मीटरवर आहे. तिथे दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्के कमी भरतो. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, ही घट जवळजवळ पंधरा टक्के होते. मुंबईत पूर्ण पंप मारलेल्या कपाची पट्टी बोरघाट चढून गेल्यावर किंचित वर आलेली दिसली, तर त्याचे कारण गळती असेलच असे नाही. तरीही खालापूरच्या फूड मॉलला एकदा आणि घाट चढल्यावर एकदा पट्ट्या पाहून गरज पडल्यास पंप मारावा. एवढी घट सहज पेलण्याइतकी ताकद कपात असते, पण आधीच गळणाऱ्या कपाचे दुखणे घाटातच उघडे पडते.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडी नेणाऱ्यांनी गाडीची एकूण उंची तिकीट काढतानाच सांगावी, आणि उतरल्यावर कपांवर उडालेले खारे पाणी गोड्या पाण्याने धुवावे.

पावसाने कप सुटत नाही. ओली धार उलट चांगली बसते. अडचण चिखलाची आहे. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेला लाल चिखल धारेच्या बाहेर साठतो आणि पट्टी तपासताना दिसतही नाही, म्हणून पावसाळ्यात थांब्यावर बाटलीभर पाणी प्रत्येक कपावर ओतावे. बाहेर मुसळधार असेल तर सायकल घरीच बरी.

चोरीचे काय

हा रॅक लावायला जितका सोपा तितकाच काढायलाही. कपाच्या कडेची जीभ उचलली की हवा आत जाते आणि तो सुटतो, त्याला कुलूप नसते. बाजारात मिळणारी केबल आणि दारात अडकवायची टोके यांनी अडथळा होतो, संरक्षण होत नाही. हॉटेलात जेवायला बसायचे तर गाडी दिसेल असे टेबल घ्यावे; रात्री मुक्कामाच्या ठिकाणी सायकल खोलीत न्यावी. रॅकही रात्रभर टपावर ठेवू नये, त्यात चोरीचा धोका आहेच, शिवाय सततच्या ताणाने आणि उन्हाने कपाची धार वाकडी होते.

काढताना आणि ठेवताना

सायकल उतरवूनच कप सोडावेत. आधी मागचा पट्टा, मग फोर्क. जीभ उचलल्यावर हवा आत गेल्याचा आवाज होईपर्यंत थांबावे, कप ओढून उपटू नये, कारण अशा ओढीने जुना किंवा दुसऱ्यांदा मारलेला रंग सोलला जाऊ शकतो. टपावर उरलेले गोल ठसे बहुधा ओल्या फडक्याने जातात. ते टिकले तर कपाखाली धूळ राहिली होती असे समजावे आणि पुढच्या वेळी तिथे जास्त घासावे.

कप सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवावेत. पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिट रबराला लावू नये. पंपात वाळू गेली असेल तर पंप दाबताना खरखर जाणवते, तेव्हा तो पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे उघडून पुसावा. प्रत्येक कपावर त्याचे झाकण लावून रॅक धार वर येईल असा ठेवावा, त्यावर दुसरे सामान रचू नये. वाकलेली धार कोमट पाण्यात काही वेळ बुडवून ठेवली तर पुष्कळदा पूर्ववत होते. तिच्यावर चीर किंवा खाच दिसली तर तो कप दुरुस्त करत बसू नये, बदलून टाकावा. सुटा कप बहुतेक चांगल्या कंपन्या विकतात, आणि रॅक घेतानाच एक जादा मागवून ठेवलेला बरा.